तीन नंबरचं गिऱ्हाईक

६ जानेवारी

मावशी,

तुझी अट मोडलेली नाही, हे आधी नोंदवून घे. फोन नाही, पत्र. ‘फोनवर तुझं तोंड आधी पळतं आणि डोकं मागून चपला शोधत येतं’ हे तुझं वाक्य मी लॉजच्या कपाटावर खडूने लिहून ठेवलंय. मालकाने बघितलं. त्यावरून आमचं भांडण झालं. म्हणजे वाक्य खरंच आहे.

नोकरी लागली. चौथी. गोदाम, सायकलचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांची आता आठवणही काढू नकोस. ही टेबल-खुर्चीची आहे. एका बँकेच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, बारा टेबलं, खिडक्यांना आतून पांढरा कागद चिकटवलेला, आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. साहेब म्हणतात, त्याने काम पुढे राहतं.

काम काय, तर टाइमशेअर. तुला समजावून सांगायला नको, तुमच्याकडे होतंच ते. डोंगरावरच्या रिसॉर्टमधली एक खोली, वर्षातला एक आठवडा तुमची आणि एक्कावन्न आठवडे बाकी जगाची. ज्यांनी घेतलं त्यांना आता ते नकोसं झालेलं असतं. जायला होत नाही, देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी वाढतो. आम्ही त्यांना फोन करतो आणि त्यांच्या आठवड्याला गिऱ्हाईक मिळवून देतो. लोकांची सुटका करतो आम्ही, मावशी. पहिल्यांदाच असं वाटतंय की मी काहीतरी भल्याचं करतोय.

आणि समोरच्या टेबलावर एक मुलगी आहे. अंबाड्यात पेन्सिल खोचते, म्हणून मी तिला मनातल्या मनात पेन्सिल म्हणतो. ती बोलायला लागली की पलीकडचा माणूस फोन ठेवत नाही. मीही ठेवला नसता. काल मला म्हणाली, “तुझा आवाज रागीट आहे, जरा खाली बस.” कालपासून मी खुर्ची खाली करून बसतोय. हनुवटी टेबलाला लागते.

कॉलेज सोडल्याचं आता काही वाटत नाही. हे बाबांना सांग. किंवा नको सांगूस. नकोच.

तुझा तो आठवडा अजून आहे का ग? विकायचा असेल तर शब्द टाक फक्त.

तुझा
भडकू


१४ जानेवारी

भडकू,

हनुवटी टेबलाला लागेपर्यंत खाली बसणारा माणूस प्रेमात पडला आहे की खड्ड्यात, हे लांबून कळत नाही. जपून.

आठवडा आहे. मे महिन्याचा दुसरा. तो कसा घेतला हे तुला कुणी सांगितलं नसेल. ‘या, फुकट जेवा आणि एक बॅग घेऊन जा’ म्हणून बोलावणं आलं होतं. जेवण अर्ध्या तासात झालं, नंतर चार तास एक पोरगा बोलत होता. मी तुझ्या काकांना कोपराने ढोसून ढोसून दमले. शेवटी त्या पोराचा घसा बसला. काकांना दया आली, केली सही. बॅगेची चेन घरी येईपर्यंत तुटली, ती मीच बसवली.

पण खोटं कशाला बोलू, ती सात-आठ वर्षं बरी गेली. तीनदा तूही होतास. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, पण तिथे लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. “आचाऱ्याने सुट्टीच्या दिवशी तरी चुलीपाशी का उभं राहावं?” म्हणायचे. मग तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या. मी मोठ्याने मोजायची आणि एक्केचाळीस आलं की ते मुद्दाम कानाशी “चौतीस!” म्हणायचे. माझं चुकायचं. मग खाली उतरून पुन्हा एकपासून. तू तोवर वर पोचून, कठड्याला लोंबकळून आम्हा दोघांना हसत असायचास.

ते गेल्यापासून तीन वर्षं मी गेले नाही. एकटीने पायऱ्या मोजून करू काय? देखभालीचं बिल मात्र न चुकता येतं. तेव्हा विकायला माझी ना नाही. पण थांब. मला एक सांग. तुमच्या ऑफिसला पैसे कोण देतं आणि कधी? माझ्या दुकानाची पद्धत तुला माहीत आहे. कोट अल्टर करून दिला, गिऱ्हाइकाने आरशासमोर हात वर-खाली करून बघितला, मगच पैसे. आधी पैसे घेणाऱ्या शिंप्याचं लक्ष कापडावर नसतं.

याचं उत्तर आल्याशिवाय माझा नंबर कुणाला देऊ नकोस. डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलंय. सुई ओवायला आता शेजारणीला हाक मारावी लागते, आणि ती ओवता ओवता अख्ख्या इमारतीच्या बातम्या सांगते. लवकर झालेलं बरं.

मावशी


२३ जानेवारी

मावशी,

उत्तर देतो, पण आधी रागावतो. बाबांना माझ्यावर भरवसा नाही, कॉलेजच्या सरांना नव्हता, लॉजच्या मालकाला तर बादलीपुरताही नाही, फुटलेल्या बादलीचे पैसे माझ्याकडे मागतोय. उरलेली तू. तूही शिंप्याची कात्री घेऊन उलटतपासणी घेतेस!

तर ऐक. जाहिरात, कागदपत्रं, नाव बदलण्याचा कर, या सगळ्याला आधी खर्च येतो. तो विकणाऱ्याने भरायचा आणि सौदा झाला की त्याला तो परत मिळतो. साहेबांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलंय. बाणांसकट. कोट आणि खोली यांत फरक असतो, मावशी.

आता चांगली बातमी. मला बढती मिळाली. खरं म्हणजे आधी मला काढणार होते. एक आजोबा फोनवर “गिऱ्हाईक कोण? कुठे राहतो? त्याच्याशी बोलणं करून द्या” असं एकच तुणतुणं वाजवत होते. मी ओरडलो त्यांच्यावर. ऑफिसातली बाराही डोकी वळली. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. तेव्हा पेन्सिल उभी राहिली. म्हणाली, “सर, याला लिहिता येतं. गिऱ्हाइकांची ओळख हा लिहू देत.”

म्हणजे असं, की आठवडा विकत घेणारी माणसं कशी आहेत त्याचं छोटं वर्णन हवं. नाव-पत्ता नको, पण माणूस दिसला पाहिजे. विकणाऱ्याला बरं वाटतं की आपली खोली चांगल्या हातात चाललीये. मी सहा कार्डं लिहिली. तीन नंबरचं कार्ड वाचून तिने चहाचा कप खाली ठेवला. “हे तू मनाने लिहिलंस?” म्हणाली. मी हो म्हटलं. तिने तिचं अर्धं सफरचंद मला दिलं. बिया मी जपून ठेवल्यात. हसू नकोस.

मला वाटतं, मी एवढ्यात तिला विचारेन. आधी एक पगार होऊ दे. नवा शर्ट हवा.

भडकू


१० फेब्रुवारी

भडकू,

मधे तुझं काही पत्र नाही. शर्ट घेतलास का?

इकडे एक घडलं, ते सांगते. परवा सकाळी मी एका पँटची शिलाई उसवत बसले होते आणि फोन आला. मुलीचा आवाज. गोड आणि घाई नसलेला. तुमच्याच कंपनीतून. माझा आठवडा, मजला, खोलीतून कुठली बाजू दिसते, सगळं तिला ठाऊक. मी तुला ‘थांब’ म्हटलं होतं, त्यामुळे नंबर कुठून मिळाला कोण जाणे. असेल कुठल्या तरी यादीत.

म्हणाली, गिऱ्हाईक तयार आहे. आम्ही दिले होते त्याच्या तिप्पट किंमत द्यायला. मी म्हटलं, असे कोण हो दानशूर? तर ती सांगायला लागली. वयस्क जोडपं आहे. त्यांना तिसराच मजला हवा. नवरा लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. बायको पायऱ्या मोठ्याने मोजते, बासष्ट पायऱ्या, आणि एक्केचाळिसावर तो मुद्दाम तिच्या कानाशी चुकीचा आकडा बोलतो. मग दोघं हसत खाली उतरतात आणि पुन्हा एकपासून मोजत येतात.

माझ्या हातात उसवणी होती, ती तशीच राहिली. जगात असं दुसरं जोडपं असेल का रे? मी गप्प झाले, तर ती मुलगीही गप्प राहिली. बोलण्याची रीत तिला कळते, हे तू म्हणालास ते खरं.

आता गोष्ट अशी. वीस तारखेच्या आत साठ हजार भरायचे. कर आणि कागदपत्रांचे. तुझ्या फळ्यावरच्या बाणांसारखंच बोलली. उशीर झाला तर ते जोडपं दुसरी खोली बघणार. माझ्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनचे ठेवले आहेत तेवढेच आहेत. सौदा झाला की महिन्यात परत मिळतील, ऑपरेशन पुढे ढकलता येईल. त्या दोघांना खोली मिळाली तर मला बरंच वाटेल.

तू त्या धंद्यातला आहेस. तू म्हणशील तसं करीन. भरू का? पत्रानेच कळव.

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी,

भरू नकोस. भरू नकोस. भरू नकोस.

तुझं पत्र दुपारी मिळालं. अकरा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. मेसेज पाठवला, पण चष्म्याशिवाय तू तो वाचणार नाहीस. गाडीभाड्यालाही पैसे नाहीत, का ते पुढे सांगतो. शेवटी बाबांना फोन केला. आठ महिन्यांनी. म्हटलं, “बाबा, आधी मावशीकडे जा, मग मला काय बोलायचं ते बोला.” ते फक्त “निघालो” म्हणाले आणि फोन ठेवला. हे पत्र तरीही लिहितोय, कुरिअरने पाठवतोय, कारण हे सगळं तुला माझ्याकडूनच कळलं पाहिजे.

तुझा नंबर मीच दिला. तू थांब म्हटल्यानंतर. नवा नंबर आणणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहितात, आणि ते पेन्सिलने स्वतःच्या हाताने लिहिलं असतं. तेवढ्यासाठी. तुझी ओळख ‘ओळखीच्या बाई’ अशी दिली. मावशी आहे म्हणालो असतो तर तिला मी पोरकट वाटलो असतो.

आणि ते जोडपं म्हणजे तू आणि काका. तीन नंबरचं कार्ड. तुझं पत्र समोर ठेवून लिहिलं. तुझी पायरी न पायरी मी उचलली आणि तिला ‘मनाने लिहिलं’ म्हणून सांगितलं.

तुझं पत्र खिशात घालून सरळ ऑफिसात गेलो. तिच्या टेबलासमोर उभा राहिलो. “तीन नंबर कुणाकुणाला वाचून दाखवलंस?”

“सगळ्यांना. तीन नंबर सगळ्यांना चालतं. बायका तर लगेच हो म्हणतात.”

“अगं, पण ती माणसं खरी नाहीत!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मग तू कुणाची ओळख लिहीत होतास? तू भेटला होतास त्यांना?”

मावशी, सहा कार्डं लिहिली आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की गिऱ्हाईक खरं असतं तर त्याची ओळख मला कशाला बनवावी लागली असती? आलं नाही, का मी येऊ दिलं नाही, हेही आता नक्की सांगता येत नाही. मला फक्त ते सफरचंद दिसत होतं.

“ती बाई माझी मावशी आहे,” मी म्हटलं. पेन्सिलने अंबाड्यातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, “माझ्या घरी चार माणसं माझ्या पगारावर आहेत. मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. तुझ्याइतक्या उशिरा नाही.”

मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसून रजिस्टर ओढून उघडलं. तीन रकाने आहेत. नाव, भरलेली रक्कम, आणि ‘विकला’. पहिले दोन रकाने पानोपानी भरलेले. तिसऱ्यात एक खूण नाही, मावशी. कोऱ्या वहीसारखा स्वच्छ. आणि आमच्या पलीकडे एक खोली आहे, तिथले लोक आमच्यात मिसळत नाहीत. ते काय करतात तेही आज कळलं. ज्यांचे पैसे आमच्याकडे गेले त्यांनाच सहा महिन्यांनी दुसऱ्या नावाने फोन करतात. ‘तुमची फसवणूक झाली आहे, बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त आधी फी भरा.’ एकाच लिंबातून दोनदा रस.

पुढे काय झालं ते तुला अंदाजाने कळेल. हेडफोन फेकला. घड्याळाला लागला. साहेबांनी पगार दिला नाही आणि दोघांनी दंडाला धरून जिन्यापर्यंत सोडलं. कुरिअरचे पैसे लॉजच्या मालकाकडून मागून घेतले. त्याने मोजून दिले आणि म्हणाला, “खडू पुसलास तर बादलीचं माफ.”

कुणीही विचारलं, कितीही गोड विचारलं, तरी ऑपरेशनच्या पैशांना हात लावू नकोस. मला जे बोलायचं ते बोल. पण आधी एवढं कळव, की भरले नाहीस.

भडकू


१८ फेब्रुवारी

भडकू,

भरले नाहीत. भरणारही नव्हते. आता श्वास घे.

ज्या दिवशी फोन आला त्याच दिवशी दुपारी मी रिसॉर्टवाल्यांच्या इथल्या ऑफिसात गेले. जुना करार पिशवीत घालून. खिडकीवर एक खोकणारे कारकून आहेत, भले गृहस्थ. त्यांना म्हटलं, माझ्या खोलीला तिप्पट देणारं गिऱ्हाईक आलंय. ते एवढे हसले की खोकल्याची उबळ आली. म्हणाले, “बाई, तुमच्या मागे रांग बघा. ही माणसं आपला आठवडा फुकट परत घ्या म्हणून उभी आहेत. खरं गिऱ्हाईक असेल तर पैसे तो देईल, तुम्ही का? नाव बदलायची फी असते, ती इथे, या खिडकीवर, सौद्याच्या दिवशी भरायची आणि शिक्क्याची पावती घ्यायची. उरलेलं सगळं वारा.” तुझ्या कंपनीचं नावही विचारलं. त्यांच्याकडे तशी कुठलीच नोंद नाही. म्हणाले, असं नाव दर सहा महिन्यांनी नवं निघतं.

मग तुला ते तसं पत्र का लिहिलं? सांगते. तुझ्या मावशीने कोटाच्या आतली शिलाई बघत जन्म काढला आहे.

त्या मुलीने ‘बासष्ट पायऱ्या’ म्हटलं. तिथे पायऱ्या त्रेसष्ट आहेत. मी मोजल्यात, आणि तुझ्या काकांच्या कृपेने हजारदा मोजल्यात. पत्रात मी तुला एकूण आकडा लिहिलाच नव्हता. बासष्ट म्हणणारं माणूस या जगात एकच आहे. शेवटच्या दोन पायऱ्या तू एका उडीत घ्यायचास आणि वरून ओरडायचास, “बासष्ट! मावशीला मोजता येत नाही!” तेव्हा फोनवर ऐकलं आणि कळलं, की हा धागा कुठल्या रिळाचा आहे.

एवढं कळलं, पण तू किती आत आहेस ते कळेना. ठरवून मला विकतोयस, का तुलाही कुणी कापतंय? म्हणून विचारलं, ‘भरू का?’ तू ‘भर’ म्हणाला असतास तर हे शेवटचं पत्र ठरलं असतं. पाच दिवस मशीनवर बसले, पण दोरा तीनदा चुकीच्या रंगाचा घातला. माझ्या जिवाला जे लागलं होतं ते साठ हजार नव्हे, मुला.

फोन वाजत होता, मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू रडला असतास आणि मी विरघळले असते. लिहितोस का, आणि काय लिहितोस, ते बघायचं होतं. नंबर दिल्याचं तू लपवू शकला असतास. ‘यादीत असेल’ म्हणून वाट मीच करून ठेवली होती. त्या वाटेने गेला नाहीस.

तुझे बाबा शर्टाची बटणं वर-खाली लावून धावत आले. मी शांतपणे इस्त्री करतेय बघून दारातच बसले. “त्याने मला फोन केला,” एवढंच तीनदा म्हणाले. बटणं मी नीट लावून दिली.

आता कामाचं. राग उतरलाय असं समजू नकोस. पायऱ्या माझ्या होत्या, तू त्या विचारल्याशिवाय एका सफरचंदाला दिल्यास. त्याचं आपण समोरासमोर बघू. पण तुझं ते तीन नंबर ऐकून हो म्हणालेल्या बायका किती, याचा विचार केलास का? मी त्रेसष्ट मोजल्या म्हणून वाचले. त्यांच्याकडे मोजायला काय आहे? तुझं हे पत्र मी पोलीस चौकीत देणार आहे. त्यात तुझं नाव आहे, तू काय केलंस तेही आहे. देऊ ना? तुझ्या होकाराशिवाय देणार नाही.

मावशी


१२ मार्च

मावशी,

दे. उशिरा लिहितोय, पण मी इथल्या चौकीत जबाब आधीच दिलाय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गेलो. हवालदारांनी जबाब लिहून घेतला. “शिक्षण?” म्हणाले. मी म्हटलं, “अर्धवट.” ते म्हणाले, “ते दिसतंच आहे, कितवीपर्यंत ते सांगा.” दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन गेले तर ऑफिसला कुलूप. आत फक्त टेबलं आणि पाच मिनिटं पुढचं घड्याळ, काच फुटलेलं. साहेब अजून सापडलेले नाहीत. मला गाव सोडायचं नाही असं सांगितलंय. बाहेर जायचं तर आधी विचारायचं. माझ्यावर काय येईल ते ठरायचंय. येईल ते येवो.

माझ्याकडे मी फोन केलेल्यांची यादी खिशात राहिली होती. सेहेचाळीस नावं. चौकीत एक प्रत दिली आणि रोज पाच जणांना पत्र लिहितोय. हाताने. छापील कागदावर आता कोण विश्वास ठेवेल? मी कोण, मी काय केलं, पैसे भरले असतील तर कुठे तक्रार करायची, भरले नसतील तर रिसॉर्टच्याच ऑफिसात जाऊन विचारा, आणि पैसे परत मिळवून देतो म्हणून फोन आला तर ती त्याच घराची मागची खिडकी आहे. चौदा उत्तरं आली. सहा जणांचे पैसे गेलेत. एका बाईंनी फक्त एवढंच लिहिलंय, “ते जोडपं खोटं होतं हे वाचून पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं.” हे पत्र मी कपाटावर चिकटवलंय. खडूच्या जागी.

ज्यांच्यावर ओरडलो त्या आजोबांचंही आलं. “तुझं ओरडणं ऐकूनच फोन ठेवला आणि वाचलो. गोड बोलला असतास तर भरले असते. आभार.”

आणि परवा लॉजच्या मालकाने एक पाकीट दिलं. “अंबाड्यावाली देऊन गेली, थांबली नाही.” आत सात कागद. तिच्या टेबलाची सगळी यादी, पत्त्यांसकट, जिथे पैसे भरले तिथे पेन्सिलीने गोल. चिठ्ठी नाही. मी पाकीट तीनदा उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. यादी चौकीत देताना कुठून मिळाली ते खरं सांगितलं. ती आधीच येऊन गेली होती म्हणे. माझ्या आधी एक तास.

तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मलाच कळत नाही. ज्या आवाजाने तुला गप्प केलं तोच आवाज मला अजून ऐकू येतो. शर्ट घेतला नाही. सफरचंदाच्या बिया अजून आहेत, टाकवत नाहीत. यावर काही लिहू नकोस.

झेरॉक्सवाल्याने परत कामावर घेतलंय. म्हणाला, ओरडायचं तर मशीनवर ओरड. सात कागदांवर तीनशे नऊ नावं आहेत. रोज पाच.

डोळ्याचं काय झालं?

भडकू


२९ मार्च

भडकू,

हे पत्र मी स्वतः लिहितेय आणि एकाही ओळीवर दुसरी ओळ चढलेली नाही, बघ. सुई पहिल्या फटक्यात ओवली. शेजारीण नाराज आहे, तिला आता बातम्या सांगायला कारण उरलं नाही.

बियांवर काही लिहीत नाही.

आठवडा मी रिसॉर्टवाल्यांना परत दिला. खिडकीवर, शिक्क्याच्या पावतीसह. खोकणाऱ्या कारकुनांनी सगळी थकबाकी तपासली आणि म्हणाले, या वर्षीचं बिल तुम्ही भरलेलं आहे, तेव्हा हा मे तुमचाच. पुढच्यापासून नाही. तेव्हा शेवटचं जाऊन येणार आहे. तुझे आई-बाबा येतायत. चौकीची परवानगी काढ, नीट अर्ज करून, आवाज न चढवता, आणि तूही ये. उरलेली पत्रं बरोबर आण. पाकिटं चिकटवायला मी आहे, पत्ते घालायला तुझे बाबा आहेत. त्यांचं अक्षर तुझ्याहून बरं आहे.

लिफ्ट बंद असेल किंवा चालू असेल, आपल्याला काय! मी मोठ्याने मोजीन. एक्केचाळीसला कुणीतरी चुकीचा आकडा बोलावा लागेल, ते काम तुझ्याकडे. आणि शेवटच्या दोन पायऱ्या या वेळी एकेक करून चढ.

मावशी